तीनधोंडीच्या वळणावर तुझं नाव

तिसगाव,
सोमवार, १२ ऑक्टोबर १९९८

प्रिय छगन,

सप्रेम जय भीम. एकोणचाळीस वर्षांनी माझं अक्षर बघून तू आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं असशील. बन्सीचंच आहे. घाबरू नकोस, शिव्या लिहिलेल्या नाहीत. शिव्या मी पहिल्या दहा वर्षांतच संपवल्या. भीमाबाई चुलीपाशी बसलीय, तिनं विचारलं, "कुनाला लिव्हताय एवढं?" मी तुझं नाव सांगितलं तर तिच्या हातातली भाकरी हातातच राहिली. म्हणाली, "त्याला? त्याला तुमी प्रिय लिव्हलं?" मी म्हटलं, पत्राची रीत आहे बाई, सासऱ्यालाही तीर्थरूप लिहितोच की आपण.

आधी तुझ्या घरची बातमी सांगतो. तुझी नात यशोधरा मला भेटली. दसऱ्याच्या आधीच्या रविवारी राहुरीच्या कृषी विद्यापीठातली चार-पाच पोरंपोरी सायकली घेऊन आमच्या डोंगराला आली होती. सायकली म्हणजे आपल्या काळ्या घोड्यासारख्या नव्हेत. जाड टायर, एकवीस गिअर, पुढच्या चिमट्याला स्प्रिंगा. एका पोरीचं चाक दगडावर आपटून आठाच्या आकड्यासारखं झालेलं. स्टँडवर तिला कुणीतरी सांगितलं, आडवाट्याच्या दुकानात जा, तो चाक सरळ करील. आली, नीट नमस्कार केला, खाली बसून माझं काम बघत राहिली. बोलता बोलता म्हणाली, "बाबा, माझ्या आजोबांचं गाव हेच. छगन नाव त्यांचं. कारखान्यात काट्यावर होते, आता सोनईला असतात." माझ्या हातात स्पोकची चावी होती. अर्धा आटा जास्त पिळला गेला आणि स्पोक ताडकन तुटला. चाळीस वर्षांत माझ्या हातून तुटलेला तो पहिला स्पोक, छगन. दुसरा बसवून दिला. पोरीचा त्यात काय दोष?

गोड पोर आहे. नाक तुझं आहे, पण त्याला तिचा इलाज नाही. जाताना मला काय म्हणाली असेल? "बाबा, तुम्हाला आडवाट्या म्हणतात ते डोंगरातल्या सगळ्या आडवाटा ठाऊक म्हणून ना? किती भारी नाव आहे!" मी मान डोलावली. दुसरं काय करणार? हे नाव मला कुणामुळं पडलं ते त्या पोरीला कसं सांगू, तूच सांग. ह्याच नावानं माझ्या धाकट्या भावाची सोयरीक मोडली होती. पाहुणे म्हणाले, ज्याचा भाऊ शर्यतीत चोरवाटेनं गेला, त्याच्या घरी पोर कशी द्यावी? माझा मुलगा दुसरीत होता, गुरुजींनी हजेरी घेताना "आडवाट्याचा" म्हणून हाक मारली आणि अख्खा वर्ग हसला. पोरगा घरी आला तो दप्तर न काढता तसाच भिंतीकडं तोंड करून बसला. ते सगळं मी डब्यात नटबोल्ट जपून ठेवावेत तसं जपून ठेवलंय. एकही हरवू दिला नाही.

एक गोष्ट आज कबूल करतो. एकाहत्तर साली तू बाजाराला आला होतास, सायकल पंक्चर झाली. दुसरं दुकान बंद होतं, म्हणून नाइलाजानं माझ्याकडं आलास आणि माझ्याकडं न बघता आभाळाकडं बघत उभा राहिलास. मी ट्यूबला चांगलं ठिगळ लावलं. पण टायरातला बाभळीचा काटा काढला नाही. बोटाला लागला होता मला तो, तरी काढला नाही. मिरी गावाच्या अलीकडं तुला उन्हात सायकल ढकलत जाताना कुणीतरी पाहिलं आणि मला येऊन सांगितलं. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

असो. यशोधरेचं काम वेगळंच होतं. ह्या मंडळींना आपल्या डोंगरातल्या सायकल जाण्याजोग्या वाटा शोधून नोंदवायच्यात. तिचा मामा प्रवीण बोटीवर नोकरीला आहे, त्यानं सिंगापूरहून दोन यंत्रं आणलीत. जीपीएस म्हणतात. मुठीत मावणारं, वर छोटी काच, आणि ते आभाळातल्या उपग्रहांना विचारून सांगतं की तू या घडीला पृथ्वीवर नेमका कुठं आहेस. गेलास ती वाट काचेवर रेघ ओढून दाखवतं. दोन्हीतलं एक ठेवायचं आणि दुसरं मामानं परत न्यायचं. पोरांमध्ये दोन तट पडले होते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मेकॅनिक, वाटाही तुमच्या पायाखालच्या. तुम्हीच निवडून द्या." मी म्हटलं, बैल निवडताना चालवून बघतात, तसंच करू. दोन्ही हँडलला बांधा.

खरं सांगू? ती रेघेची गोष्ट ऐकली तेव्हाच माझ्या मनात तू आलास. एकोणसाठ सालच्या जत्रेतल्या शर्यतीत माझ्या हँडलवर असलं यंत्र असतं, तर तुझी साक्ष लागलीच नसती.

मागल्या रविवारी आणि काल, दोन्ही दिवस मी त्यांच्याबरोबर डोंगरात होतो. चढाला उतरून ढकलत, उताराला ब्रेक धरत. बासष्टाव्या वर्षी गुडघे करकरतात, पण राग असला की माणूस चढतो. दोन यंत्रांत एक बारीक, रुपेरी, दिसायला नवरदेव. दुसरं काळं, ठेंगणं, पोटात चार सेल घेणारं. दगडधोंड्यात सायकल आदळली की रुपेरीचे सेल उडायचे आणि काच आंधळी व्हायची. काळ्याचेही एकदा उडाले, पण मी सेलच्या मागं जुन्या ट्यूबचा तुकडा दाबून बसवला, मग ते शहाण्यासारखं चालू राहिलं. ओढ्याच्या घळीत शिरलं की रुपेरीला आभाळ सापडायचं नाही. बटणं इतकी बारीक की मातीच्या हातानं दाबायची सोय नाही. एवढं असूनही पोरं म्हणत होती रुपेरीच घ्या, कारण ते आकडा ठणकावून सांगतं. काळं मात्र आकड्याखाली आणखी एक आकडा दाखवायचं. मला वाटलं, सायकल किती चालली तो असेल. मी काही विचारलं नाही.

काल सकाळी दहाच्या सुमाराला तीनधोंडीला पोचलो. तुला जागा सांगायला नको. तिथं वाट फुटते. तीन धोंड्यांच्या बाहेरून खडी चढण, आतून ओढ्याच्या कडेची पायवाट, चढण चुकवणारी. दोन्हींत साठ पावलांचं अंतर. शर्यतीचा नियम होता, बाहेरूनच जायचं. वळणावर बघायला एक माणूस उभा. तो माणूस तू होतास. मीच तुझं नाव पंचांना सुचवलं होतं. म्हटलं होतं, छगन माझा मित्र असला तरी खरं ते सांगेल.

भाड्याची सायकल, चेन सुटायच्या बेतात, आणि मी सगळ्यांच्या पुढं. साखर कारखान्याच्या नानासाहेबांचा पुतण्या दोन वळणं मागं. तुला आठवतं? तुझ्या हातात पितळी तांब्या होता. तू धावत माझ्या बाजूनं आलास, "पी, बन्सी, पी, लई पुढं हायेस!" म्हणालास आणि पळता पळता माझ्या तोंडात पाणी ओतलंस. अर्धं छातीवर सांडलं. बाहेरच्या चढणीवर, छगन, धोंड्यांच्या बाहेर. तासाभरानं पंचांपुढं तू खाली बघून म्हणालास, "बन्सी हितून गेलेला म्या पायला न्हाई." माझा सदरा तेव्हाही तू सांडलेल्या पाण्यानं ओला होता. बक्षिसाची नवी सायकल पुतण्याला गेली. महिन्याभरात नानासाहेबांच्या चिठ्ठीवर तुला कारखान्यात नोकरी लागली, तीही काट्यावर. मला ते ऐकून हसू आलं होतं. उसाचं वजन खरं सांगायला माणूस नेमला तो नेमका हाच.

तर काल आम्ही त्याच बाहेरच्या वाटेनं गेलो. मी पुढं, पोर मागं. वर चढून श्वास घेतला आणि मी म्हटलं, दाखव ती रेघ. तिनं दाखवली. रुपेरीनं रेघ काढली होती आतल्या वाटेनं. काळ्यानंही आतल्याच वाटेनं. माझ्या कानांत गरम तेल ओतल्यासारखं झालं. एकोणचाळीस वर्षांनी आभाळातले पंचही तुझंच म्हणणं सांगत होते. मी ओरडलो पोरीवर, "हे खोटं बोलतंय! मी बाहेरून गेलो! तेव्हाही बाहेरूनच गेलो!" ती बिचारी दचकली. तेव्हा म्हणजे कधी, हे तिला कळायचं कारण नव्हतं.

मग तिनं सायकल स्टँडवर लावली आणि म्हणाली, आता काचेकडं बघत बसा. सायकल जागची हलेना, पण काचेवरचा ठिपका भटकायला लागला, ओढ्याकडं, मग धोंड्यांकडं, मग भलतीकडंच. ती हसली. म्हणाली, "बाबा, हे उपग्रह अमेरिकेच्या लष्कराचे. दुसऱ्यांना नेमकी जागा कळू नये म्हणून ते मुद्दाम चूक मिसळतात. शंभर मीटरपर्यंत इकडंतिकडं."

मी विचारलं, "म्हणजे त्यांना खरं ठाऊक असतं?"

"अगदी पक्कं ठाऊक असतं."

"आणि तरी खोटं सांगतात?"

"वरून हुकूम आहे ना, बाबा."

वरून हुकूम. इतकी वर्षं मी तुझ्याबद्दल नाना प्रकारे विचार केला, भित्रा म्हटलं, लोभी म्हटलं, जळका म्हटलं, आणि तुझ्या नातीनं तुझी गोष्ट मला दोन शब्दांत सांगितली. तिला माहीतही नाही.

मग मी काळ्या यंत्रातल्या त्या खालच्या आकड्याचं विचारलं. ती म्हणाली, "ते स्वतःची चूक सांगतं. मी अमुक इतक्या फुटांनी चुकत असेन, असं. रुपेरीत ती सोय नाही." मी तिथल्या तिथं निकाल दिला. म्हटलं, पोरी, काळं घे. खोटं दोघंही बोलतात, हुकुमाचे ताबेदार आहेत. पण हे निदान आपल्या तोंडानं सांगतं की माझ्यावर इतका विश्वास टाकू नकोस. जे सांगत नाही ते परत कर. पोरांनी थोडी कुरकुर केली, पण ऐकलं. मी जुन्या दिव्याची पट्टी वाकवून, खाली रबर घालून, काळं यंत्र तिच्या हँडलला असं बसवून दिलंय की सायकल दरीत गेली तरी ते जागचं हलायचं नाही. तुझ्यावरचा राग मी तिच्या सामानावर काढलेला नाही, एवढं बघून घे.

उतरताना ती तुझ्याबद्दल बोलत होती. म्हणाली, "आजोबांना खोटं अजिबात चालत नाही. मी सातवीत असताना एकदा मार्कांचं खोटं सांगितलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत." मी ऐकत होतो. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. दोन वाक्यांचं काम होतं, छगन. घरी येऊन भीमाबाईला सांगितलं तर तिचे डोळे भरले. म्हणाली, "सांगून टाकायचं हुतं. आपल्या पोराला कुनी सोडलं हुतं का?" तिचं खरं आहे. पण मी सांगितलं असतं, तर पोरीपुढं ते माझं म्हणणं झालं असतं. माझं म्हणणं एकोणसाठ सालीही होतंच, त्याला कुणी विचारलं?

आता पत्र कशासाठी ते सांगतो. त्या यंत्रात ज्या जागेवर उभे आहोत तिला नाव देऊन ठेवता येतं. इंग्रजी सहा अक्षरं मावतात. तीनधोंडीला यशोधरा म्हणाली, "बाबा, ह्या वळणाला काय नाव देऊ? तुमचंच देते." मी म्हटलं, माझं नको, तुझ्या आजोबांचं दे. छगन. तिनं CHAGAN असं लिहिलं, बरोबर सहा अक्षरं झाली, एकही सांडलं नाही. तिनं विचारलं, "आजोबांचं का? ते इथं काय करत होते?" मी म्हटलं, त्यांनाच विचार. तुझे आजोबा खोटं बोलत नाहीत. येत्या रविवारी ती राहुरीहून सायकलीवर थेट तुझ्याकडं येणार आहे, हेच विचारायला. हे पत्र तुला गुरुवारपर्यंत मिळेल. एकोणसाठ साली तुला एक तास मिळाला होता, आता तीन दिवस आहेत. काय सांगायचं ते तू ठरव. मी मध्ये पडणार नाही, आणि माफ केलंय असंही समजू नकोस. ऊन फार आहे हल्ली, पोर तहानेनं येईल, आल्या आल्या पाणी मागेल. तांब्या भरून ठेव. तिच्या हातात तो देताना तुझा हात कापतो की नाही, तेवढं मला बघायचं होतं. पण यंत्रात ते दिसत नाही.

एकेकाळी तुझाच, आणि तुझ्यामुळं अजूनही,
आडवाट्या बन्सी