हिर्डोशीच्या चिखलात लेहच्या साखळ्या

चिरंजीव सूरज यास हिर्डोशीहून कोंडाआत्याचे आशीर्वाद, आणि वेळेवर जेवत असशील तर दुप्पट. तिकडं लेहला नाकाचा शेंडा शाबूत आहे ना? लष्कराचा ट्रक चालवताना कानटोपी काढत जाऊ नकोस. हितं आमी सगळे बरे आहोत. तुझे मामा (म्हणजे आमचे हे) थंडीनं दिवसभर गुडघे धरून बसतात, पण माझ्या गाडी चालवण्यावर बोलायचं असलं की ताडकन उभे राहतात.

तर, तुझ्या साखळ्या पोचल्या. धरणाकाठचं पर्यटन केंद्र बंद पडलं तेव्हा म्या ती चार चाकांची एटीव्ही आणली (पुण्याची पोरं तिच्यावर गोल गोल फिरायची, आता माझे दुधाचे कॅन फिरतात), तेव्हापासून अर्धा गाव माझ्यावर हसतोच आहे. थंडीत अवकाळी पाऊस झाला की चढावर चाकं जागच्या जागी फिरतात, एवढंच म्या तुला फोनवर बोलले होते. तू थेट बर्फात चाकांना बांधायच्या साखळ्या धाडल्यास! मग उरलेला अर्धा गावही हसला. आपला सरपंच सोमनाथ पारावर बसून म्हणाला, "आत्या, आता बर्फ कवा पडायचा?" म्या तडक वळले. घरी आले आणि मागच्या दोन्ही चाकांना साखळ्या चढवल्या.

त्यानंतर तीन दिवस पाऊस लागला, ऐन मार्गशीर्षात. चौथ्या दिवशी सकाळी वरच्या धनगरवाड्यातून बाजी धावत खाली आला. त्याची आई धोंडाबाई गोठ्यापुढं घसरली होती आणि गुडघ्याखाली पाय मोडला होता. ॲम्ब्युलन्स आली, पण गावातला नवा सिमेंटचा रस्ता जिथं संपतो तिथंच थांबली. पुढं नुसता तांबडा लोण्यासारखा चिखल. चौघं डोली घेऊन निघाले आणि पहिल्या वळणावरूनच बसल्या बसल्या घसरत परत आले (त्यात सोमनाथ होता, पांढऱ्या पँटीत). म्या गाडी काढली. तो चिखल झटकत म्हणाला, "आत्या, हे बायकांचं काम न्हाई." म्या म्हणाले, "सरपंचाचंबी दिसत न्हाई," आणि निघाले.

सूरज, त्या साखळ्या चिखलात अशा रुतत होत्या की गाडी घोरपडीसारखी चढली. मागून शहाणपण सांगत येणाऱ्यांच्या तोंडावर ढेकळं उडाली, त्याला माझा इलाज न्हाई. वर बाजीनं आईच्या पायाला बांबूच्या कांबी बांधल्या. आमी तिला मागच्या कॅरिअरवर, माझ्या पाठीला पाठ लावून, घोंगडीनं माझ्याशीच बांधलं. तरी ती हलेना. दोन दिवसांचं करडू मांडीवर दिल्याशिवाय येणार न्हाई म्हणाली. दिलं.

उतरताना मला भीती वाटली, हे फक्त तुला लिहिते. एका बाजूला दरी, आणि ब्रेक दाबला की गाडी वीतभर पुढं सरकायची. तेवढ्यात मागून धोंडाबाई म्हणाली, "कोंडे, दमानं. सारा जन्म हितनं उतरतेय, पण आपला वाडा असा लांब जाताना कदी बगितला न्हवता. लई बरा दिसतोय." पाय मोडलेली बाई हे बोलते म्हटल्यावर म्या कशी रडणार? दात आवळले आणि खाली आणली.

पुढं सिमेंटचा रस्ता. आठच दिवसांपूर्वी फीत कापलेला. त्यावरून साखळ्या अशा खडखडल्या की कुत्रीसुद्धा घरात शिरली. ॲम्ब्युलन्सपर्यंत दोन लांबलचक ओळी कोरल्या गेल्या. धोंडाबाई भोरच्या दवाखान्यात पोचली, पायाला प्लास्टर झालं, आता खाटेवरून सुनेला कामं सांगते आहे. आणि मला ग्रामसभेत बोलावणं आलं, रस्ता खराब केल्याबद्दल लेखी माफी मागायला!

तुझे मामा म्हणाले, माग आणि मोकळी हो. म्या भर सभेत उभी राहिले. म्हणाले, "चरे म्याच पाडले, लिहून घ्या. पण शेजारी हेही लिहा, की ह्यो रस्ता धनगरवाड्याच्या अलीकडंच संपतो. वाड्यापर्यंत रस्ता होत न्हाई तवर ह्या साखळ्या माझ्या गाडीवरून निघायच्या न्हाईत. कुणात दम असंल त्यानं काढून दाखवावं." बायकांनी टाळ्या पिटल्या. बचत गटाच्या वर्षाराणीनं ते मोबाईलवर घेतलं आणि ते पार शेजारच्या वेल्ह्यापर्यंत गेलं. परवा दोन माणसं टेप घेऊन चढ मोजायला आली होती, सोमनाथ त्यांच्यापुढं छत्री धरून चालत होता. माफीचा कागद अजून दिलेला न्हाई. देणारही न्हाई. रोज सकाळी दूध घालायला मुद्दाम त्याच्या दारावरून खडखडत जाते.

काळजी घे. सुट्टी मिळाली की ये, धोंडाबाईला तुला करडू दाखवायचंय.

तुझी,
कोंडाआत्या

ता. क. ह्याचं उत्तर पत्रानंच पाठव, फोन करू नकोस. मामांचा मोबाईल कायम स्पीकरवर असतो, सगळ्या आळीला ऐकू जातं.

आणखी ता. क. त्या साखळीचा आतल्या बाजूचा आकडा सोडवतात कसा, ते चित्र काढून कळव. सभेच्या आदल्या दिवसापासून मामा आणि मी दार लावून पकडीनं झटतोय. निघतच न्हाईत मेल्या.