पेपरमिंटच्या डबीतलं कार्ड

सोमवार, ३ मार्च

शाळेत गोवर आलाय. नात लाइस्ये, तिच्या वर्गातली तिघं अंथरुणाला. सुनेने, यानेकेने, जेवताना लस टोचायची गोष्ट काढली. मारिनुस म्हणाला, "आपल्या घरात टोचत नाहीत. पोरीला देवाच्या हातातून काढून घ्यायचं? आईकडे बघ. नेल्येच्या शेजारी एका पांघरुणात झोपायची. तिला काही झालं?"

मी मान डोलावली. माझाच मुलगा. या घरातला पुरावा म्हणजे मी.

मंगळवार, ४ मार्च

नेल्ये डोक्यातून जाईना. धाकटी बहीण. सात वर्षांची, पोलिओने पाच दिवसांत गेली. मी चौदाची. बाबा शवपेटीपाशी म्हणाले, "देवाने एक नेली, एक ठेवली. का, ते विचारायचं नाही." नाही विचारलं. देव काही मी पाहिला नाही, पण मनात आला की बाबांसारखाच यायचा — काळा कोट, पेपरमिंटचा वास, बोट वर. जन्मभर भ्यायले त्याला. आणि इथे खरं लिहायला हरकत नाही — मनातून फुशारलेही. मला ठेवली ना.

गुरुवार, ६ मार्च

बाबांचं घर आवरायला घेतलं. जानेवारीत गेले, चौऱ्याण्णवाव्या वर्षी. रविवारचा कोट झटकला तर खिशात पेपरमिंटची डबी. गोळी एक नाही. घडी घातलेलं पिवळं कार्ड. माझं नाव, माझी जन्मतारीख. पोलिओची लस, १९६०, तीन शिक्के. दवाखाना पार शहरातला — गावच्या कुणाच्या नजरेला पडू नये असा.

मी तीन वर्षांची. मला आठवणार तरी काय.

मग नेल्येचं कार्ड शोधलं. कपाटं, खण, कोटाचं अस्तरसुद्धा उसवलं. नाही. असणार कुठून? ती जन्मली त्या वर्षी बाबा चर्चचे पंच झाले. पंचच लस टोचून घ्यायला दवाखान्यात दिसले तर चर्चमधले लोक काय म्हणतील.

शुक्रवार, ७ मार्च

मेलेल्याशी भांडताही येत नाही.

रविवार, ९ मार्च

चर्चला गेले नाही. पाय दुखतो म्हटलं. पाय ठणठणीत आहे.

मला देवाने ठेवलं नव्हतं. सायकलवर पुढे बसवून बाबांनी बंधाऱ्यावरून शहरात नेलं असणार. मग इतकी वर्षं भ्यायले ती कोणाला?

सोमवार, १० मार्च

लाइस्येच्या शेजारी बसणारी मुलगी इस्पितळात. यानेके भांडी पुसता पुसता म्हणाली, "आई, तुम्ही सांगा ना त्यांना. तुमचं ऐकतील." ऐकतोय! बोलण्यात तो मला उभी कापतो, आजोबांच्या तालमीतला. पण जेवणानंतर बायबल तोच वाचतो, खुणेची फीत असेल तिथून. कार्ड तिथे ठेवलं.

मंगळवार, ११ मार्च

वाटाण्याचं सूप झालं. मारिनुसने बायबल उघडलं. कार्ड बघितलं. हे काय, कुठून आलं, काही विचारलं नाही. कान तेवढे लाल.

"मलाही नेलं होतं आजोबांनी. पोलिओची साथ पुन्हा आली तेव्हा. सात वर्षांचा होतो. म्हणाले, आईला सांगू नकोस, तिचा विश्वास मोडेल."

यानेकेने चमचा खाली ठेवला.

मी लाइस्येकडे बोट दाखवलं. "आणि हिला कोण नेतंय?"

त्याने पुस्तक मिटलं, काही न वाचता.

उद्या नऊला दवाखान्यात जातोय, चौघंही. मोठ्या रस्त्याने, चर्चच्या दारावरून.