दूर गेलेलं सगळं

५ जानेवारी, रविवार

आजही ऐकलं. त्याच्या आवाजाच्या जरासं आधी — दुसरा आवाज. कुजबुजीएवढा. "दूर गेलेलं सगळं परत जवळ येईल" हे वाक्य तो म्हणायच्या आतच कुणीतरी माझ्या कानाशी म्हणून टाकलं. शब्द तेच. मग त्याचा नेहमीचा भरदार आवाज घुमटभर पसरला, लोक माना वर करून तारे बघत राहिले, आणि मी टेबलाखाली बघितलं! तारांगणात अर्धं आयुष्य काढलेल्या बाईने टेबलाखाली भूत शोधावं.

नवऱ्याला जाऊन चौथं वर्ष चाललंय. आवाज तेवढा मागे राहिला, तोही रविवार दुपारपुरता. बाकी दिवस नवे खेळ, नवे आवाज. 'विश्वाचा शेवट' हा त्याने लिहिलेला आणि त्यानेच बोललेला खेळ आता आठवड्यातून एकदाच, आणि तो लावायचं काम माझ्याकडे. दिवे मालवायचे, तारे लावायचे आणि नवऱ्याला सुरू करायचं. हे लिहिताना हसू आलं. फार वेळ टिकलं नाही.

सासूबाई आल्या होत्या. भिंतीला लागून असलेल्या माझ्या टेबलाच्या अगदी समोर, घुमटाच्या पलीकडच्या टोकाला, भिंतीजवळची खुर्ची. दोन बस बदलून लेकाचा आवाज ऐकायला येतात, एक रविवार चुकवत नाहीत. खेळ संपला की माझा हात धरून बाहेर पडतात, मग त्यांच्याकडे जेवण. बघणाऱ्याला वाटतं मीच त्यांना धरलंय.

७ जानेवारी, मंगळवार

साउंडवाल्याला विचारलं. म्हणाला, "टेप जुनी आहे ना ताई. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवली की एका पदराचा आवाज शेजारच्या पदराला लागतो. मग खऱ्या आवाजाच्या आधी त्याची बारीक नक्कल ऐकू येते. भूतबित काही नसतं."

मी भूत म्हटलंच नव्हतं. तोंडावर दिसलं असणार. पण जीव भांड्यात पडला खरा.

१२ जानेवारी, रविवार

नाही, नुसती नक्कल नाही. खेळ संपतो तिथे तो गप्प होतो, तारे हळूहळू मावळतात — आणि त्या शांततेत ती कुजबूज पुढे चालू राहिली. चार-पाच शब्द. संहितेत नसलेले. खुर्च्यांचा आवाज सुरू झाला आणि नीट कळलं नाही. फक्त 'रे' ऐकू आलं. दिवे लावायला उशीर झाला, तर अंधारात कुणीतरी खाकरलं.

जेवताना सासूबाईंना सांगणार होते. त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसल्या होत्या. हल्ली असंच बघतात. लेक नाही, तर लेकाची बायको नीट पाहून घेऊ, असं काहीतरी. सांगितलं नाही.

१५ जानेवारी, बुधवार

मीटिंग. संचालकसाहेब आणि खगोलाच्या नव्या बाई. रविवारचा खेळ आणखी तीन रविवार, मग बंद. संहिता कालबाह्य झाली आहे!

बाई वाईट नाहीत. समजावून सांगत होत्या. "विश्व पसरतंय, आणि पसरण्याचा वेग वाढतोय. ते थबकून मागे फिरेल, आकसत जाईल, असं ठामपणे सांगणारा खेळ आपण आज मुलांना कसा दाखवायचा?" बरोबरच आहे. त्यालाही ठाऊक होतं. दर वर्षी बदलू म्हणायचा आणि टाळायचा. "अगं, पसरतच राहिलं असं सांगितलं तर लोक तोंड पाडून घरी जातील. आकसलं तर निदान भेट तरी होते."

नवी संहिता बाईंनी लिहिली आहे. आवाज माझा द्यायचा, असं साहेब म्हणाले. "त्यांच्यानंतर तुमच्याशिवाय कोण?" सन्मान म्हणून देत होते. मी 'बरं' म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

माझी त्याची सवय सुटेल एकवेळ. सासूबाईंना काय सांगू? आईला लेक दुसऱ्यांदा गेल्याचं सांगायचं, तेही मीच?

१९ जानेवारी, रविवार

पुन्हा. आज कुजबूज फारच पुढे धावत होती. तो अजून दीर्घिकांवर, आणि ती पोचली शेवटाला. त्याला घाई कधीच नव्हती. मग हे कोण?

२१ जानेवारी, मंगळवार

शाळेची सहल. मुलांना नेहमीची गंमत करून दाखवली. एकाने या भिंतीशी हळूच बोलायचं, दुसऱ्याने थेट समोरच्या भिंतीशी कान द्यायचा. घुमटावरून आवाज घसरत जातो आणि पलीकडे कानात सांगितल्यासारखा ऐकू येतो. एका पोरीने मैत्रिणीला अख्ख्या घुमटापलीकडून 'म्हैस' म्हटलं. मग भांडण. फार दिवसांनी मनापासून हसले.

२४ जानेवारी, शुक्रवार

साउंडवाल्याने टेप कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आठवण म्हणून. हेडफोन लावून आम्ही दोघांनी ऐकली. त्याचा श्वास, पान उलटल्याचा आवाज, सगळं आहे. नक्कल नाही. आधी काही नाही, नंतर काही नाही.

"मग घुमटात लावून बघू," म्हटलं. लावली. मी टेबलाशी, तो दाराशी, बाकी रिकाम्या खुर्च्या. काही नाही. साउंडवाला नको इतक्या प्रेमाने म्हणाला, "ताई, थोडे दिवस सुट्टी घ्या."

म्हणजे टेपमध्ये नाही. माझ्यात आहे. लिहून टाकलं एकदाचं.

२६ जानेवारी, रविवार

आली. आज मी वाट बघत होते तिची. उद्या-परवा तो जाणार, आणि त्याच्याबरोबर हीही जाईल. भीती वाटते, आणि जाऊ नये असंही वाटतं. काय म्हणायचं याला?

३० जानेवारी, गुरुवार

रेकॉर्डिंग झालं. काचेच्या खोलीत, तो बसला होता त्याच स्टुलावर बसले. तेव्हा खेळ लिहून झाल्यावर तो महिनाभर आईच्या स्वयंपाकघरात उभा राहून तालीम करायचा. सासूबाई कणीक मळता मळता ऐकायच्या, अडखळला की पुढचा शब्द द्यायच्या. मला कुणी नव्हतं. भिंतीला वाचून दाखवलं.

"दीर्घिका एकमेकींपासून दूर जात राहतील. एक वेळ अशी येईल की दूरच्या दीर्घिकांचा प्रकाशही आपल्यापर्यंत पोचणार नाही. तारे एकेक करून विझतील." इथे आवाज फाटला. पुन्हा घेतलं. पुन्हा फाटला.

बाई काचेपलीकडून उठून आत आल्या. मी म्हटलं, एक 'कदाचित' घालता येईल का? त्यांनी विचार केला. खरंच केला, माझी समजूत काढायला नाही. "घाला," म्हणाल्या. "आकसणार नाहीच अशी शपथ मीही घेणार नाही. मोजमापं अजून चालू आहेत." मग एका दमात झालं.

२ फेब्रुवारी, रविवार

त्याचा शेवटचा खेळ. सासूबाईंना ठाऊक नव्हतं. मी अजूनही सांगितलेलं नाही, कसली भित्री आहे मी. कुजबूज आली, शेवटी तेच चार-पाच शब्द. लोक टाळ्या वाजवत होते. हरामखोर टाळ्या!

६ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. मुद्दाम त्यांच्याकडे गेले. फोनवर त्या हल्ली बोलतच नाहीत. "कंटाळा येतो बाई फोनचा, समोर येऊन बोलत जा." बेल वाजवून थकले, शेवटी माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. आत टीव्ही मुका करून बघत बसल्या होत्या.

चहा झाला. त्यांच्याकडे बघून बोलायची छाती होईना. सिंककडे तोंड केलं, कप विसळत सगळं बोलून टाकलं. खेळ बंद झाला, त्याचा आवाज काढला, आता माझा आहे, मला माफ करा. कप तीनदा विसळला. मागे वळले तर त्या शांत बसलेल्या. मी म्हटलं, "चालेल ना आई?" त्या हसल्या, मान डोलावली. "येते की रविवारी. न यायला काय झालं?"

केवढं मन! आणि मी काय काय धरून बसले होते.

८ फेब्रुवारी, शनिवार

उद्या माझा आवाज. ब्लाउज इस्त्री केला. कुणाला दिसणार आहे अंधारात?

९ फेब्रुवारी, रविवार

दिवे मालवले. माझा आवाज घुमटात सुरू झाला — दीर्घिका एकमेकींपासून दूर जात राहतील — आणि कुजबूज आली. माझ्या शब्दांची नाही. त्याच्या. ओळीमागून ओळ, जुनी संहिता, कुठेही न अडखळता. मी समोर बघितलं. पडद्यावरच्या ताऱ्यांच्या उजेडात, पलीकडच्या भिंतीजवळच्या खुर्चीत, सासूबाईंचे ओठ हलत होते.

त्यांना ऐकूच येत नाही. कधीपासून, देव जाणे. आपण किती मोठ्याने पुटपुटतो हेही कळत नसणार. गुरुवारी मी त्यांच्याकडे पाठ करून बोलले होते. लेकाचा आवाज ऐकायला येतात म्हणून मी तो खेळ जपत बसले. त्या कशाला येत होत्या?

माझं 'कदाचित' होऊन गेलं. तारे मावळले. या वेळी मी श्वास रोखला आणि शेवटचे शब्द नीट ऐकले.

"बस झालं रे आता. हिला घरी नेते."