दारातून सांगितलेली ओळ

मी, वर्लीन स्टॅम्पर, वय एकाहत्तर, राहणार नॅशव्हिल, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि राजीखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. याआधीची दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. ती मी रागाने लिहिली होती.

१. केंटकीतलं कोल्ड लिकचं वडिलांचं घर माझ्या नावावर आहे, राहते त्यात धाकटी बहीण ओझेला. आधी मी ते विकायला लिहिलं होतं. आता ते तिचंच.

२. गिटार भाचा डेन्व्हर याला. ती सुरात लावायला त्याने शिकावं, ही अट नाही, विनवणी आहे. माझ्या गाण्यांच्या १९६८च्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचे लाल बूट जाळावेत. ते मला दोन नंबर लहान होते. त्या फोटोतल्या ज्या हसण्याचं लोक कौतुक करतात ते हसू नव्हे, कळ आहे.

३. त्याच अल्बमची मूळ टेप ओझेलाला. त्याचं कारण असं.

आमच्या चर्चमध्ये वाद्यं वर्ज्य. एकजण स्तोत्राची ओळ आधी सांगतो, मग मंडळी ती गातात. तीस वर्षं ते काम आमचे वडील, एल्झी स्टॅम्पर, करत. अल्बमचं रेकॉर्डिंग चालू असताना मला घरी न्यायला ते नॅशव्हिलला आले, पण स्टुडिओत गिटारी होत्या, म्हणून दारातच उभे राहिले. आईवरचं गाणं म्हणताना तिसरी ओळ माझ्या डोक्यातून गेली. त्यांनी दारातून ती खणखणीत सांगितली. सवयच ती. मी उचलली. वादक वाजवतच होते. रेकॉर्डवाल्यांनी ते वडिलांच्या आवाजासकट तसंच ठेवलं, आणि त्याच गाण्याने माझं नाव झालं.

वाद्यांच्या साथीवर ओळ सांगितली म्हणून चर्चने सभासदांच्या वहीतून वडिलांचं नाव काढलं. सहा वर्षं ते दर रविवारी पडवीत बसून राहिले. ते गेले तेव्हा मी दौऱ्यावर होते, पोहोचले ती पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी. कबरीपाशी ओझेला म्हणाली, "तुझ्या गाण्यापायी बाबा वाळीत मेले." त्यानंतर आमचं बोलणं नाही, आणि मी त्या चर्चची पायरी चढले नाही. अडतीस वर्षं कार्यक्रमांत त्या गाण्याच्या तिसऱ्या ओळीला मी गप्प राहत आले. ऐकणाऱ्यांना ती लकब वाटे.

गेल्या महिन्यात ओझेला चर्चची जुनी वही घेऊन माझ्या दारी आली. मरणाआधी नऊ दिवस चर्चची मंडळी वडिलांच्या खाटेपाशी आली होती. पस्तावा होतो का, असं त्यांनी विचारलं. वडिलांचं उत्तर वहीत आहे: "पोरगी ओळ विसरली, मी सांगितली. तेच माझं काम. पस्तावा कसला करू?" मंडळींनी नाव परत घातलं.

हे ओझेलाला माहीत होतं. ती म्हणाली, "बाबांना सांभाळलं मी, आणि शेवटपर्यंत नाव तुझं घेत होते. म्हणून नाही सांगितलं."

मी तिला बोलणार होते, पण आधी रडू आलं, आणि मग इतकं हलकं वाटलं की भांडायचं राहूनच गेलं. ती टेप तिने आजवर ऐकलेली नाही. आता ऐकावी. बाबांचा आवाज तेवढाच उरला आहे.

४. मला बाबांशेजारी पुरावं. गिटार नको. ओळी ओझेलाने सांगाव्यात. तिचा आवाज फाटका आहे, चालेल. ती एखादी ओळ विसरली, तर ज्याला येत असेल त्याने सांगावी, मग तो कुठेही उभा असो.

वाटेकरी असल्यामुळे ओझेलाने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणतात. हे मी वडिलांच्या घरी बसून लिहिते आहे, आणि ती स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकते आहे.

सही: वर्लीन स्टॅम्पर
साक्षीदार: डेल्मर कॉडिल, इमोजीन रॅटलिफ
कोल्ड लिक, केंटकी. १९ ऑक्टोबर २०१२