तळ्यावरची बाई

अँसेल्म,

हे पत्र टपालात पडणार नाही. परीक्षकांनी आतलं बाहेर सांगायचं नसतं.

राष्ट्रीय पुरस्काराच्या बैठकीत तुझी कादंबरी चर्चेला निघाली, तशी मी उठून बाहेर गेले. लेखक ओळखीचा असला की जावं लागतं. खिडकीखाली ऑटवाचा कालवा गोठलेला, वर बर्फ झोपेत असल्यासारखं भुरभुरत होतं.

डेल्फीन, माझ्यासोबतची परीक्षक, बोलवायला आली. "चल गं आत, बाद केली ती. लिहितो झकास, पण ती बाई! गोठलेल्या तळ्यावर गाणं म्हणत, काळोख पडेपर्यंत त्याची वाट बघते म्हणे. इतकं येडं कोण असतं?"

मी हसले.

त्या दिवशी तळ्यावर तू आलाच नाहीस. मी काळोखापर्यंत थांबले, गायले, हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

कुठल्या झाडाआड उभा होतास रे?

अजून पाय गार असलेली,
ओडेट