टिटवीची मापं

दि. ९ ऑक्टोबर

प्रिय थोरल्या बाई,

नमस्कार. तुमचं पत्र शनिवारी मिळालं. 'सगळे मजेत असाल' असं लिहायची रीत आहे, पण तुमच्या पत्रात धड असलेलं एकही माणूस सापडलं नाही. म्हणून आधी दवाखाना उघडते.

बाळाचं पहिलं. दात येताना लाळ गळते, पोर किरकिरतं, अंग जरा कोमट लागतं, हे खरं. पण चांगला सणसणून ताप भरला तर तो दातांच्या माथी मारून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तुमच्या नव्या सासूबाईंच्या पोटाला चूर्ण नको, पाणी हवं. म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, आणि लागली तरी मग उठावं लागेल म्हणून त्या पीत नाहीत. बाथरूमच्या वाटेवरचा दिवा दुरुस्त करून घ्या, पाणी आपोआप पोटात जाईल. आणि तुम्ही स्वतः! रक्तवाढीची गोळी चहाबरोबर घेता असं वर तोंड करून लिहिलंत. म्हणजे गोळी गेली वाया. चहा तासाभराने प्या, तोवर जग बुडत नाही. शिलाई मशीनवरून अधूनमधून उठत जा. गिऱ्हाइकांचे खांदे बघता, तसे आरशात स्वतःचेही बघा.

लिहिताना हसू येतं. नवऱ्याच्या पहिल्या बायकोने तब्येतीच्या तक्रारी सांगायच्या आणि दुसरीने पथ्यं सांगायची, असं कुठे असतं का? माझी आई म्हणते, तुम्ही दोघी भांडत का नाही, लोकांची किती निराशा होते. पण तुम्हीच पहिल्या पत्रात मला 'धाकटी' म्हणालात आणि मी तिथेच गारद झाले.

टिटवीचे बाबा बरे आहेत. वीज कंपनीत या महिन्यात पुन्हा संध्याकाळची पाळी. ते येतात तेव्हा आम्ही झोपलेल्या, आम्ही निघतो तेव्हा ते झोपलेले. मला हॉस्पिटलात बढती मिळाली. आता सगळ्या वॉर्डांचा आहार माझ्याकडे. बाळंतिणींपासून साखरवाल्यांपर्यंत कुणाच्या ताटात काय पडावं ते मी ठरवते.

तुमची टिटवी अभ्यासात पहिली. घरात सध्या तिचंच राज्य, स्वयंपाक तीच करते. केक करते, बिस्किटं करते, आम्हाला वाढते आणि समोर बसून बघते. मला पुस्तकांतून नवे नवे प्रकार वाचून दाखवते. थोडी उंच झाली आहे. स्वेटर मात्र अंगावरून उतरत नाही, थंडी जास्त वाजते म्हणे. मी या घरात आले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि इतकं बोलायची, की तुम्ही ठेवलेलं टिटवी हे नाव मला फार सौम्य वाटलं होतं. आता कमी बोलते. वयच तसं आहे.

वाढदिवसाच्या ड्रेससाठी मापं मागितलीत. मागच्या वर्षीचीच धरा. फारसा फरक नाही.

तुमची,
धाकटी


दि. २ नोव्हेंबर

थोरल्या बाई,

हे पत्र कुरियरने येतंय म्हणजे काहीतरी झालंय, हे पाकीट बघूनच तुम्हाला कळलं असेल. जिवंत आहे. ते आधी लिहिते.

टिटवी आमच्याच हॉस्पिटलात आहे. तुम्हाला फोन लावला आणि घंटा वाजायच्या आत ठेवला. तोंडाने सांगणं मला जमणार नाही.

तुमचा ड्रेस वेळेवर आला. निळा, कॉलरवर पांढरी टीप. टिटवी तो घालून खोलीबाहेर आली. तो खांद्यांवरून घसरत होता. आत आणखी एक मुलगी मावली असती. आणि ती खूश होती, थोरल्या बाई. आरशासमोर वळून वळून बघत म्हणाली, "बघ, किती सैल. आईला वाटतं मी अजून तेवढीच आहे."

त्या दिवशी तिच्या बाबांना सुट्टी होती. स्वेटरशिवाय त्यांनी तिला कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं. ते खुर्चीतून उठले आणि उभेच राहिले.

"हे काय आहे?" त्यांनी मला विचारलं, तिला नाही.

"मी उन्हाळ्यापासून सांगतेय तुम्हाला."

"जेवत नाही म्हणालीस. सगळ्याच पोरी जेवत नाहीत. हे नव्हतं सांगितलंस."

मग त्यांनी ताट वाढून घेतलं, स्वतःच्या हाताने. भात, भाजी, अंडं, वर तिनेच केलेला केक. "बस इथे. संपल्याशिवाय उठायचं नाही."

ती बसली. बसूनच राहिली. भात गार झाला, बाबांचा आवाज चढत गेला आणि शेवटी चिरकला. ते रडकुंडीला आले होते. तेव्हा ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "बाबा, या घरात जेवण नसतं, आहार असतो. हिला विचारा ना, मला किती ग्रॅम वाढायचं ते."

मी स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

पुढच्या आठवड्यात ती शाळेच्या जिन्यावरून कोसळली. कपाळाला खोक पडली, ती किरकोळ आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. आम्ही रोज एकत्र चहा पितो, पण त्या दिवशी त्या मला 'पालक' म्हणाल्या. रक्तातले क्षार घसरलेत, हृदयाचे ठोके फार संथ पडतात, असं म्हणाल्या. सोळा वर्षांच्या मुलीचं हृदय दमलंय. हे वाक्य मी इतरांच्या लेकरांबद्दल ऐकलं आहे. तेव्हा मान हलवून पुढच्या वॉर्डात जायची.

तिचं ताट माझ्याच स्वयंपाकघरातून जातं. मी ते स्वतः लावते. मऊ, थोडं थोडं, डोळ्यांना भीती वाटणार नाही असं. गाडी वर जाते आणि ते ताट जसं लावलं तसं खाली येतं. भांडी घासणाऱ्या मावशी तेवढं एक ताट माझ्यासमोर न आणता मागच्या दाराने नेतात.

तिचे बाबा म्हणतात, "तिच्या आईला कळवू नकोस. म्हणेल, कोर्टात भांडून पोर घेतली आणि ही हालत केली." त्यांचं काही चुकत नाही. तुम्ही तसं म्हणालच, आणि म्हणा. पण मी त्यांना न सांगता लिहिते आहे.

मापांचं सांगते. मी टेप घेऊन तिच्याकडे गेले होते. तिने हात वर केले नाहीत आणि मीही आग्रह केला नाही. खरे आकडे कळवले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवशी दारात उभ्या असता. शिवणारीला आकड्यांतून माणूस दिसतं. आणि मला तुम्ही दारात नको होतात. वाटलं, हा तर माझाच धंदा आहे, एवढं मी निभावून नेईन. सगळं गाव माझ्याकडून खायला शिकतं, ही शिकणार नाही?

या. बाळाला सोबत आणलंत तरी चालेल. माझ्या खोलीत झोपा, मी बाहेर झोपेन. तिच्या बाबांचं मी बघून घेते.

धाकटी


दि. १ डिसेंबर

थोरल्या बाई,

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून पुन्हा कागद. फाडण्याआधी वाचा, एवढीच विनंती.

वॉर्डाच्या दारात तुम्ही मला जे बोललात त्यातला एक शब्दही मला खोडायचा नाही. "मला खोटी मापं पाठवलीस? खोटी मापं? अगं, मी रात्री जागून त्या ड्रेसवर खपत होते आणि पोर इथे झिजत होती!" नर्सबाई धावत आल्या, तिचे बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सगळ्यांना वाटलं आता मी उलट बोलेन. मला तर बरं वाटलं. इतके दिवस सगळे माझ्याशी गोड बोलत होते. 'तुम्ही काय कमी केलंत हो' म्हणत होते. कुणीतरी खरं बोललं.

मग तुम्ही आत गेलात. मी दाराच्या काचेतून बघत होते. तुम्ही तिला काही विचारलं नाहीत, समजावलं नाहीत. नुसतं तिचं मनगट हातात घेऊन बसलात. नंतर वाटीतलं सूप चमच्याने तिच्या तोंडाशी नेलंत आणि तिने तोंड उघडलं. माझ्या डोळ्यांदेखत उघडलं. एक चमचा, मग दुसरा. मला इतका आनंद झाला आणि इतका मत्सर वाटला की मी जिन्यात जाऊन बसले. तुमच्या हातचं ती चार दिवस घेत राहिली. सूप, पातळ खीर, दुधात भिजवलेला पाव. बाळासाठी तुम्हाला परत जावं लागलं, तेव्हा जाताना तुम्ही माझ्यासमोर थांबलात आणि म्हणालात, "माझ्या हातून खाल्लं. बघितलंस ना? आईच्या हातून खाल्लं."

मी 'हो' म्हणाले.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी हा कागद तीन वेळा बाजूला ठेवला. तुम्ही मला खोटारडी म्हणालात, ते मला परत व्हायचं नाही. नाहीतर हे मी तुम्हाला कधीच सांगितलं नसतं.

तिने खाल्लं नव्हतं. चमचा तोंडात घ्यायची आणि तुम्ही वाटीकडे वळलात की रुमालात काढायची. पहिल्या दिवसाचं थोडं पोटात गेलं असेल, पुढचं नाही. तुम्ही गेल्यावर नर्सबाईंनी चादर बदलली तेव्हा गादीखाली रुमाल सापडले, वाळून कडक झालेले. त्यांनी मला बोलावून दाखवले. मी टिटवीला रागावले नाही. फक्त विचारलं, "असं का गं केलंस? आई किती लांबून आली होती."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तिला बरं वाटावं म्हणून."

आमच्यासाठी केक करायची तेही त्यातलंच, हे मला त्या क्षणी कळलं. सगळ्यांना बरं वाटावं म्हणून ती सगळं करते. फक्त जगत नाही.

तुम्ही गेल्यापासून ती घसरत चालली आहे. आता नाकातून नळी घातली आहे. दोनदा तिने ती ओढून काढली, तेव्हापासून शेजारी सतत एक नर्स बसते. नळीतून जातं ते मीच मोजून करते, पण मला आत सोडत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दिसलात की तिचे ठोके बिघडतात. सध्या बाहेरच थांबा." त्यांनी हे फार हळुवारपणे सांगितलं. तिच्या बाबांनी पाळी बदलून घेतली आहे. ते दुपारी येतात, पायाशी बसतात आणि तिची पावलं हातांत धरतात. ती गार असतात. टिटवी आता पाणीसुद्धा खुणेने मागते.

मी डॉक्टरीणबाईंना स्पष्ट विचारलं. त्या म्हणाल्या, या आजारातून पुष्कळ मुली परत येतात, वर्षं लागतात पण येतात. काही येत नाहीत. कोण कुठली हे आधी सांगता येत नाही. मग म्हणाल्या, "तिचं हृदय काल पुन्हा अडखळलं. जवळच्यांना बोलावून ठेवा."

हे वाक्यही मला माहीत आहे. ते केव्हा म्हणतात तेही.

लोक अजून मला वाटेत थांबवून विचारतात, सुनेला सहावा लागलाय, काय देऊ? बाबांचा रक्तदाब वाढलाय, मीठ किती चालेल? मी सांगते. तोंड आपोआप चालतं. काल एकीला आठ महिन्यांच्या बाळाला काय भरवावं ते सांगता सांगता मी मध्येच थांबले आणि मला पुढचं काही आठवेना. ती बाई बिचारी माझाच हात थोपटून गेली.

तुमचा आधार मी काढून घेतला, हे मला कळतं. 'माझ्या हातून खाल्लं' एवढं एक घेऊन तुम्ही गेला होतात. पण तुम्ही त्याच समाधानात तिकडे बसून राहिलात आणि इथे काही झालं, तर ते खोटं माझ्या मापांपेक्षा मोठं होईल.

परवा मी नर्सबाईंकरवी तिला विचारलं, आईला बोलवायचं का? तिने डोळे मिटून घेतले. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ती तुम्हाला बोलावते आहे असं मी लिहिणार नाही. ती कुणालाच बोलावत नाही.

तरी या. माझ्याशी बोलू नका, माझ्याकडे बघू नका, पण या. वॉर्डाबाहेर खिडकीजवळ एक बाक आहे, तिथून तिच्या पलंगाचं टोक दिसतं. मी दिवसभर तिथेच असते. दोघींपुरती जागा आहे.

वाट बघते,
धाकटी