निलेशला मी नाय म्हनाले

मंगळवार, कामण

रात्रभर झोप नाय. निलेशला खोटं बोलले म्हनून.

माझा भाऊ निलेश एमबीए शिकतो. आता बांद्र्याला मोठ्या बँकेत इंटर्नशिपला आहे, तिथं कंपन्या घ्यायची-विकायची कामं चालतात. रविवारी जेवायला आलेला. पोरगी त्याच्या गळ्यातलं ऑफिसचं कार्ड चावत होती. तो हळूच म्हनाला, "ताई, भावोजींची गोदामवाली कंपनी विकतायत. मीच आहे त्या कामावर. कोनाला बोलू नको, मला काढतील."

नवऱ्याचं काम जायचं आनि मी गप बसू? यांना सांगितलं. यांनी काल सगळ्यांसमोर सुपरवायझरला विचारलं, "कंपनी विकताय काय?"

"तुला कोन बोललं?"

"मेव्हना तिथंच आहे माझा."

झालं. संध्याकाळी निलेशचा फोन. "ताई, बाहेर कळलंय. खरं सांग, तू बोललीस?"

मी नाय म्हनाले. का म्हनाले? घाबरले, दुसरं काय.

"मग बरं. उद्या सायब विचारनार आहेत. मी कोनाला बोललोच नाय म्हनून सांगतो."

तिकडे सुपरवायझरने यांचं नाव दिलं तर पोरगा खोटा पडेल. बोलला म्हनून ओरडतील, पन खोटा पडला तर कोन ठेवील? ते कार्ड सारखं डोळ्यासमोर येतं. पोरीच्या दाताच्या खुना असतील त्यावर.

चार वेळा नंबर लावला, रिंग जायच्या आधीच कापला. यांना उठवायची पन हिंमत नाय. वही उशाशी उघडी ठेवते. हे वाचतील, नायतर सासूबाई वाचतील. जो वाचेल त्याने निलेशला आधी फोन करा. तो सायबाकडे जायच्या आत सांगा, ताई बोललीय.